शंभराला दोन कमी

माझ्या उजव्या फुप्फुसात काहीतरी आहे, हे मला एका सोमवारी दुपारी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये कळलं. क्लिनिकमधल्या बाईंनी फोनवर आधी जन्मतारीख विचारून खात्री केली आणि मग म्हणाल्या, "एक्स-रेमध्ये एक मास दिसतोय. डॉक्टरांना सीटी स्कॅन हवाय. उद्या जमेल?"

मास म्हणजे गाठ, एवढं मला कळत होतं. मी "उद्या ऑफिस आहे" असं काहीतरी बोललो. मग गाडीत बसलो, एसी लावला, आणि डोक्यात पहिला विचार आला तो असा : सत्त्याण्णव झाले. आता तीन राहणार.

बायकोचा आणि मुलीचा विचार त्यानंतर आला. हे मी मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, कित्येक महिने सांगितलं नव्हतं. इथे लिहून टाकतो, कारण आजारपणाबद्दल लिहिणारी माणसं फार शहाणी असतात, असा माझा अनुभव आहे. त्या काळात लोकांनी मला तसली चार-पाच पुस्तकं आणून दिली. सगळ्यांना आजारानं काहीतरी शिकवलं होतं. मला फक्त संताप येत होता. तुम्हालाही येत असेल तर तुम्ही एकटे नाही, एवढं सांगायला हे लिहितोय.

*

सत्त्याण्णव कसले, ते सांगतो.

मी नागपूरचा. कॉलेजात मध्यमगती गोलंदाजी करायचो. एम.एस. करायला ॲरिझोनात आलो, चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत लागलो, आणि एकतिसाव्या वर्षी ऑफिसातल्या एकानं मला बेसबॉलच्या हौशी लीगमध्ये नेलं. पिचर म्हणजे आपला गोलंदाजच. फक्त धावत न येता मातीच्या उंचवट्यावर उभं राहून टाकायचं, आणि हात कोपरात वाकवायचा. ते वाकवणं शिकायला मला दोन वर्षं लागली. नागपुरात हात जरा वाकला की अंपायर नो-बॉल द्यायचा. इथे मी हात सरळ ठेवून टाकला तेव्हा रूबेन पोट धरून हसला होता. रूबेन हा आमचा कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपरच, आणि संघाचा कॅप्टनही. पेशानं इलेक्ट्रिशियन. सतरा वर्षं तो माझ्यासमोर उकिडवा बसलाय.

या खेळात सामना संघ जिंकतो, पण तो विजय एका पिचरच्या नावावर लागतो. सुरुवात करणाऱ्याला तो हवा असेल तर त्यानं नऊपैकी निदान पाच डाव (इथे तीन आउट झाले की डाव संपतो) पूर्ण टाकले पाहिजेत, तो बाहेर पडताना संघ पुढे असला पाहिजे, आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकली पाहिजे. चौथ्या डावात दमलात तर संघ जिंकला तरी विजय दुसऱ्याचा. मोठमोठे व्यावसायिक पिचर तीनशेच्या मागे लागतात. आमच्या शनिवार-रविवारच्या लीगमध्ये शंभर म्हणजे कळस. तोपर्यंत तो कुणीच गाठला नव्हता. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो, सत्त्याण्णववर होतो, आणि हात अजून चालत होता. वर्षाला पाच-सहा विजय धरले तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काम झालंच असतं.

मग २००५च्या सप्टेंबरातला तो सामना आला. चौथ्या डावात दक्षिणेकडून धुळीची भिंत उठली. आमच्या वाळवंटात त्या दिवसांत ती उठतेच. अंपायरनं दोन्ही कॅप्टनना बोलावून विचारलं, थांबायचं का? आम्ही पुढे होतो. मी रूबेनला म्हणालो, "थांबायचं नाही. अजून चार आउट." तोंडात माती, डोळ्यांत माती, अशा अवस्थेत मी ते चार आउट काढले. तो सत्त्याण्णवावा.

अडीच आठवड्यांनी ताप आला.

*

ताप, कोरडा खोकला, गुडघे आणि घोटे असे दुखायचे की जिना उतरताना मी कठड्याला धरून आडवा उतरायचो. अर्जंट केअरमध्ये न्यूमोनिया म्हणाले, अँटिबायोटिक दिलं. दहा दिवसांनी दुसरं दिलं. मग एक्स-रे, मग तो पार्किंग लॉटमधला फोन, मग स्कॅन. स्कॅन बघून फुप्फुसांच्या डॉक्टर म्हणाल्या, "कॅन्सर असू शकतो, नसूही शकतो. सुईनं तुकडा काढून बघावा लागेल."

त्या तुकड्याची तारीख मिळायला बारा दिवस लागले. मेधा पुण्याची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. कुठल्याही गोष्टीत काय काय बिघडू शकतं याची यादी करणं हा तिचा धंदा. त्या बारा दिवसांत तिनं एकही यादी केली नाही, तेव्हा मी खरा घाबरलो. ऋचा, आमची मुलगी, सोळा वर्षांची. तिला आम्ही "इन्फेक्शन आहे" एवढंच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं फ्रिजवर लावलेला अपॉइंटमेंटचा कागद वाचला.

"पल्मोनरी नोड्यूल, बायॉप्सी," ती म्हणाली. "बाबा, आय कॅन रीड."

मुलांना खरं सांगा. आम्ही सांगितलं नाही, आणि त्याची किंमत पुढे मोजली.

सुई घातली आणि हवा गेलेल्या फुग्यासारखं फुप्फुस बसलं. असं क्वचित होतं म्हणे. सही करताना ते कागदावर होतं, मी वाचलं नव्हतं. श्वास घेतला की बरगडीत कुणी सुरी फिरवतंय असं वाटायचं. मग छातीच्या बाजूला भोक पाडून नळी घातली आणि मी चार दिवस हॉस्पिटलात अडकलो.

हॉस्पिटलचा दिवस पहाटे पाचला रक्त काढण्यापासून सुरू होतो. मग वजन, मग ताप, मग एक्स-रेवाला मशीन ढकलत येतो, मग ज्या डॉक्टरांची वाट बघायची ते तुम्ही बाथरूममध्ये असताना येऊन जातात. दर तासाला एका प्लास्टिकच्या खेळण्यातून श्वास ओढायचा. त्यात तीन चेंडू असतात, ते वर गेले पाहिजेत. पहिल्या दिवशी माझा एकच गेला, तोही अर्धा. सतरा वर्षं मी चेंडू टाकून माणसं आउट केली होती, आणि आता पिंगपाँगएवढा चेंडू मला इंचभर हलत नव्हता. मी ते खेळणं भिंतीवर फेकलं.

ग्रेस नावाची फिलिपिनो नर्स होती. तिनं ते उचललं, पुसलं, परत टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "नेम चांगला आहे. आता श्वास घ्या." तिनं नळीला नवीन पट्टी अशी लावून दिली की मला डाव्या कुशीवर झोपता येऊ लागलं. त्या चार दिवसांत कुणी मला दिलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट. आजही तिचं नाव काढलं की मला बरं वाटतं.

मेधा खुर्चीत लॅपटॉप घेऊन बसायची. एकदा स्क्रीनवरून डोळे न काढता तिनं विचारलं, "त्या मॅचला धुळीचं वादळ होतं ना?"

"हो."

"आणि तू टाकत राहिलास."

"चारच आउट होते."

ती टाइप करत राहिली. पण कीबोर्डच्या कळा जोरात दाबायला लागली.

चौथ्या दिवशी फुप्फुसांच्या डॉक्टर आत आल्या, दार लावलं आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "कॅन्सर नाहीये. बुरशी आहे. व्हॅली फीव्हर." इथल्या मातीत एक बुरशी असते, धुळीबरोबर श्वासात जाते. बहुतेकांना कळतही नाही. काहींना माझ्यासारखं होतं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. त्यासाठी रक्ताची साधी तपासणी असते. ती आधी कुणी केलीच नव्हती. तुम्ही आमच्या भागात राहत असाल आणि न्यूमोनिया औषधानं हलत नसेल, तर व्हॅली फीव्हरची तपासणी असं नाव घेऊन मागा.

मेधा रडली. मग तिनं पुण्याला आईला फोन लावला आणि पुन्हा रडली. मी डॉक्टरांना विचारलं, "त्या धुळीमुळेच झालं का?"

"सांगता येणार नाही. तुम्ही इथे राहता आणि श्वास घेता. तेवढं पुरतं."

मी मेधाकडे बघितलं. तिनं मान फिरवली. तिच्या दृष्टीनं निकाल लागलेला होता.

*

कॅन्सर नाही म्हटल्यावर आपण बरे झालो, असं जगाला वाटतं. मलाही वाटलं. खरा आजार तिथून पुढे सुरू झाला.

रोज बुरशीवरची गोळी. ओठ फाटून रक्त यायचं, केस उशीवर पडायचे, पायाची कातडी सुटायची. ते सगळं चाललं असतं. थकवा चालत नव्हता. आंघोळ केली की बेडवर बसून विश्रांती घ्यावी लागे, मग मोजे. ऑफिसात दुपारी दोननंतर मी स्क्रीनवरचं एक वाक्य चार-चारदा वाचायचो. आणि बाहेरून बघाल तर काही नाही! वजनसुद्धा परत आलं होतं.

महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात एकजण पाठीवर थाप मारून म्हणाला, "ठणठणीत दिसतोस, यार. फंगसच होतं ना शेवटी? पार्टी कधी देतोस?" एका काकूंनी दुधात हळद सांगितली. एक काका म्हणाले, "अरे, माझ्या भाच्याला खरा कॅन्सर झालाय." खरा. जणू मी खोटा आणला होता. मी मेधाला म्हणालो, घरी चल. गाडीत बसल्यावर तिला म्हणालो, "कॅन्सर असता तर निदान लोकांनी खुर्ची तरी दिली असती."

मेधानं गाडी बाजूला थांबवली. "हे पुन्हा बोलायचं नाही," ती म्हणाली. "माझ्यासमोर नाही." मी पुन्हा बोललो नाही. पण खोटं सांगत नाही, मनात आलं पुष्कळदा.

संसर्गाचे डॉक्टर फिनिक्समध्ये होते. म्हातारे, सडपातळ, फार हळू बोलणारे. दर दोन महिन्यांनी रक्त बघायचे. तिसऱ्या भेटीत मी त्यांना सरळ विचारलं, "मला बेसबॉलचे तीन विजय हवेत. चान्स किती?"

त्यांनी नीट ऐकून घेतलं, पाच डावांचा नियम विचारून घेतला. म्हणाले, "फुप्फुसाचं विचाराल तर उत्तम चाललंय. थकवा कधी जाईल ते मला माहीत नाही. काहींचा तीन महिन्यांत जातो, काहींचा वर्षभर राहतो. बेसबॉलचं मला विचारू नका, मी गोल्फ खेळतो, आणि तोही वाईट."

"पण अंदाज?"

"तुमचं वय काय?"

"पुढच्या महिन्यात एकोणपन्नास."

"मग आजार नसता तरी मी तुम्हाला घाई करा म्हणालो असतो."

मला तो माणूस आवडला होता. त्या दिवशी परत येताना मात्र मी त्याला चँडलरपर्यंत शिव्या दिल्या. नागपुरी.

*

आता जे लिहायला जड जातंय ते.

एप्रिलमध्ये ऋचाच्या शाळेचं नाटक होतं. ती त्यात मुख्य भूमिकेत होती. शुक्रवारी संध्याकाळचा प्रयोग ठरला होता. शुक्रवारी दुपारी ऑफिसातून आलो तो सोफ्यावर जो पडलो, तो उठेना. हे नाटक नव्हतं. पाय खरोखरच उठत नव्हते. मेधा एकटी गेली. ऋचा परत आल्यावर मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "इट्स ओके, बाबा. यू आर सिक." खरंच मनापासून म्हणाली.

शनिवार मी झोपून काढला. रविवारी सकाळी जरा बरं वाटलं. मेधा आणि ऋचा किराणा आणायला गेल्या तेव्हा मी मागच्या अंगणात गेलो आणि भिंतीवर खडूनं चौकोन काढून चेंडू टाकायला लागलो. हळूहळूच. पंधरा-वीस चेंडू. कोपर मोकळं झालं. छान वाटत होतं. वळलो तर ऋचा दारात, हातात दुधाचा कॅन.

"सो यू हॅड एनर्जी फॉर दॅट," ती म्हणाली.

"ऋचा, शुक्रवार वेगळा होता. आज..."

"टुडे मॅटिनी आहे, बाबा. दोन वाजता. लास्ट शो." तिनं कॅन तिथेच फरशीवर ठेवला. "तू विचारलं पण नाहीस."

नाटकाचा आणखी एक प्रयोग होता, हे मला माहीतच नव्हतं. मी विचारलं नव्हतं. पंधरा-वीस चेंडूंइतका जीव अंगात होता आणि तो कुठे घालायचा हे मी न विचारता ठरवून टाकलं होतं.

दोनच्या प्रयोगाला मी गेलो. मध्यंतरापर्यंत बसलो. उत्तरार्धात मला झोप लागली. मेधानं उठवलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि ऋचा स्टेजवरून आमच्याच रांगेकडे बघत होती.

ती महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलली. त्या महिन्यात मी मेधाला पार्किंग लॉटमधली गोष्ट सांगितली, फोननंतरचा पहिला विचार कोणता होता ते. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "मला माहीत होतं. सतरा वर्षं बघतेय." मग सुरी खाली ठेवून, "मला राग त्याचा नाही रे. तुझ्यात जेवढा जीव उरलाय त्यात आम्ही कितव्या नंबरवर, ते मला दर आठवड्याला नव्यानं शोधावं लागतं. मी दमलेय."

मी उरलेली भेंडी चिरली. वाईट चिरली.

*

वर्षानंतर, २००६च्या शेवटी, गोळी बंद झाली आणि डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही म्हटलं. पहिल्या सामन्यात मी तीन डाव टाकले आणि बेंचवर डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसलो. दुसऱ्यात चार. तिसऱ्यात पुन्हा तीन. चेंडू जायचा, पण पाचवा डाव म्हणजे जणू दुसऱ्या गावात होता. शेवटी रूबेन म्हणाला, "सुरुवात नको करूस. मी तुला नंतर आणतो." मध्येच आलेल्या पिचरला पाच डावांची अट नसते. तो टाकत असताना संघ कायमचा पुढे गेला, की विजय त्याचा.

मार्चमधल्या एका सामन्यात बरोबरी असताना आठव्या डावात, दोन आउट झाल्यावर, मला आणलं. मी चार चेंडू टाकले. बॅटरनं उंच मारला, कॅच झाला. आमच्या पाळीत दोन धावा निघाल्या, नववा डाव दुसऱ्यानं टाकला, आणि अठ्ठ्याण्णवावा विजय माझ्या नावावर लागला. सगळे येऊन टाळ्या देत होते. मला कुणाच्या तरी वाढदिवसाला जाऊन दुसऱ्याचा केक कापल्यासारखं वाटत होतं. रूबेन म्हणाला, "असे अजून दोन काढू." मी म्हणालो, "नको. मला पाच डाव टाकू दे." तो म्हणाला, "तू मूर्ख आहेस." बरोबर होतं त्याचं.

ऑगस्टमध्ये ऋचा टूसॉनला कॉलेजात जायची होती. रविवारी तिला डॉर्ममध्ये, म्हणजे हॉस्टेलवर, सोडायचं. शनिवारी सकाळी सातला सामना, उन्हाच्या आधी, तरी पारा नव्वद फॅरनहाइटच्या वर. मेधाला मी आधी विचारलं. "खेळ," ती म्हणाली. "पण उद्या तू गाडीत झोपलेला नकोस. उद्या तू मला जागा हवायस."

त्या सकाळी सगळं जुळून आलं होतं. माझा हळू वळणारा चेंडू हवा तिथे पडत होता. चार डाव झाले, आम्ही पाच-तीननं पुढे. पाचव्यात पहिला आउट, दुसरा आउट. एकच राहिला. मग एकानं मारला आणि धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पहिल्या बेसवर, पोचला. पुढच्याला मी चार वाईट चेंडू टाकले, म्हणून तोही फुकटात बेसवर. पोटऱ्यांत ते सुरू झालं होतं. ज्यांना झालंय त्यांना कळेल : दम लागणं वेगळं, आणि नळ बंद झाल्यासारखं अंगातलं सगळं थांबणं वेगळं.

रूबेन मास्क वर करून चालत आला. "एकच," तो म्हणाला. "एक काढ, मग नव्व्याण्णव. मी तुला काढणार नाही, तूच सांग."

टाकता आला असता. कदाचित आउटही झाला असता. पण त्यानंतर मी सोमवारपर्यंत उठलो नसतो, हे मला दोन वर्षांच्या अनुभवानं पक्कं माहीत होतं. शांतपणे, हसत चेंडू दिला असं लिहायला आवडलं असतं. मी तो रूबेनच्या ग्लव्हमध्ये आपटला, एक शिवी दिली आणि चालत निघालो. माझ्या जागी आलेल्यानं तिसऱ्या चेंडूवर आउट काढला. आम्ही जिंकलो. विजय त्याचा लागला. मी त्याच्याशी हात मिळवला आणि सरळ घरी निघालो. मला अजून त्या आउटचा राग आहे.

मी आता पन्नाशीचा आहे. फुप्फुसातला डाग तसाच आहे, वाढत नाही, वर्षातून एकदा बघतात. अठ्ठ्याण्णव आहेत. रूबेनच्या मते अजून दोन सीझन निघतील. मला एक निघेल असं वाटतं, तोही नीट नाही. शंभर होतील का, याचं उत्तर बहुधा नाही असं आहे. ते लिहिताना हात अडखळतो, पण तसंच आहे.

त्या रविवारी मी टूसॉनपर्यंत जागा होतो. ऋचाची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टसमोर वीस कुटुंबांची रांग. मी पुस्तकांचं खोकं उचललं आणि जिन्यानं निघालो. मेधा "अरे" म्हणाली, पण अडवलं नाही. दुसरं खोकं वर नेल्यावर मला भिंत धरून उभं राहावं लागलं. ऋचानं उघड्या गादीवरची चादरीची पिशवी बाजूला सारली.

"बाबा, बस ना," ती म्हणाली. मराठीत. "घाई नाहीये."

मी बसलो. ती शेजारी बसली. समोरच्या भिंतीवर आधीच्या मुलीनं लावलेल्या टेपचे तुकडे होते, ते ती नखानं काढत राहिली. रूममेट कशी असेल, नाटकाच्या क्लाससाठी ऑडिशन आहे, असं काहीबाही सांगत राहिली. मी ऐकलं, सगळं. मधे एकदा तिनं विचारलं, "ऑडिशनला आलो तर चालेल का असं विचारणार आहेस का?"

"चालेल का?"

"नाही. पण नाटक नोव्हेंबरमध्ये आहे. फ्रायडे, सॅटर्डे, संडे."

"तिन्ही दिवस येतो."

"एक दिवस ये," ती म्हणाली. "जागा राहून बघ."

श्वास परत आला तसा मी उठलो आणि तिसरं खोकं आणायला खाली गेलो.